ओलं की जुनं

मावशींना कुठलंही पीठ दाखवा, त्या आधी ते कानाला लावायच्या.

पाकीट असो की डबा, डाव्या कानाजवळ धरून दोनदा हलवायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. आत सळसळ झाली की मान हलायची. बसका, थप्प असा आवाज आला की पाकीट खाली. "मुकं झालंय," त्या म्हणायच्या. "पानी लागलं याला."

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या किराणा दुकानात त्या एकदा सूपच्या पाकिटांची अख्खी माळ अशी एकेक करून ऐकत उभ्या होत्या. दुकानदार वैतागला. "मावशी, रेडिओ हाय का त्यो?"

"रेडिओ असता तर बरं व्हतं," मावशी म्हणाल्या. "त्यो तरी तारीख खरी सांगतो."

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. ज्याला विचारल्याशिवाय लोणच्याची बरणी फोडली जात नाही आणि पापडाचा डबा फेकला जात नाही. आमच्याकडे ते माणूस म्हणजे मावशी. त्यांच्याविषयी चांगलं लिहावं असं पुष्कळ आहे. मी ते लिहिणार आहे. बाकीचंही लिहिणार आहे.

मावशी मूळच्या पाचोडच्या. माझ्या बायकोचं, सुमनचं, माहेरही तिथलंच. दोन्ही घरांत एकच भिंत. रक्ताचं नातं नाही, पण सुमन त्यांना 'अगं मावशी' म्हणते आणि त्यांनी मला पहिल्या भेटीपासून 'जावईबापू' केलं. नवरा गेल्यावर त्या शहरात मुलाकडे राहायला आल्या. मुलाचं घर आमच्यापासून दोन दारं सोडून. सून नोकरी करणारी, टापटिपीची. मावशींचा पलंग गॅलरीत होता आणि पलंगाखाली त्यांचे पत्र्याचे डबे.

त्या डब्यांतून आमच्या गल्लीचा धंदा उभा राहिला. हुलग्याचं माडगं आमच्याकडे पावसाळ्यात घराघरांत होतं. हुलगा म्हणजे कुळीथ. त्याच्या पिठाचं पातळ, गरम, जिऱ्या-लसणाचं माडगं वाटीला तोंड लावून प्यायचं. मावशींनी त्याची तयार भुकटी केली. हुलगा भाजून दळलेला, जिरं, वाळवलेला लसूण, मीठ आणि भाजलेल्या तिळाचं कूट. गरम पाण्यात ढवळलं की झालं. शहरातल्या लोकांनी त्याला 'हुलगा सूप' म्हणायला सुरुवात केली. "सूप म्हना नायतर चुलता म्हना," मावशी म्हणायच्या, "सर्दी पळाल्याशी मतलब."

गल्लीतल्या सात-आठ बायकांचा बचत गट होता, त्यानं हे काम उचललं. मी बियाण्यांच्या कंपनीत हिशेबनीस. म्हणून गटाचं जमाखर्चाचं काम माझ्याकडे आलं. भाजणं, मिसळणं आणि 'पास' करणं मावशींकडे. पाकिटं भरून बंद करणं सुमनकडे.

मला शिकवलं मावशींनीच. एका रविवारी त्यांनी माझ्यापुढे दोन वाट्या ठेवल्या.

"आकडे लई कळतेत तुमाला. आता हे सांगा. यातलं ओलं कोनतं अन् जुनं कोनतं?"

मला दोन्ही सारखीच दिसली. मी उगीच एकीकडे बोट दाखवलं.

"शाब्बास. सरकारी नोकरी मिळंल तुमाला," त्या म्हणाल्या आणि माझा हात उताणा करून त्यावर एका वाटीतली चिमूट टाकली. "आता यावर त्वांडानं वाफ सोडा. हाऽऽ करून. लगीच नाकाला लावा."

उबेनं वास उठला. जुन्या तेलाचा, घशात रुतणारा.

"हे खवट. हे जुनं. बघा, गोळा नाय, बुरशी नाय, दिसायला कसं गोरंगोमटं हाय. पन तीळ सांगतो. तिळानं चव येती अन् तिळानंच वय कळतं." मग दुसऱ्या वाटीतलं पीठ त्यांनी बोटांत चोळलं. त्याचे बारीक खडे झाले होते. "हे ओलं. याचा वास कुबट, कोंदट. पानी लागलं की गोळा व्हनार, अन् गोळा झाला की त्यो दोष ठेवनाराचा. भरनाराचा. पन जुनं झालं तर दोष कुनाचाच नाय. वय झालं त्याचं. त्याला जुनं म्हनायचं अन् टाकून द्यायचं. त्यात लाज कसली?"

हे सगळं मी मुद्दाम जसंच्या तसं लिहितो आहे, कारण पुढे तेच उपयोगी पडलं.

आमच्या स्वयंपाकघराचं वळण त्यांनी बदललं. एकदा मी उकळत्या पातेल्यावर पाकीट धरून त्यातूनच भुकटी ओतत होतो. मावशी दारातून ओरडल्या, "अवो, पीठ वतताय का पाकिटाला वाफ पाजताय? चार दिसांनी दगड व्हईल त्याचा!" तेव्हापासून आमच्याकडे पाहिजे तेवढी भुकटी आधी कोरड्या वाटीत काढली जाते. गॅसच्या वरच्या फळीवरचा डबा त्यांनी स्वतः उचलून खालच्या कपाटात ठेवला. "शेगडीच्या डोक्यावर ठेवून रोज ताप आनता त्याला." फ्रिजमधून काढलेलं पाकीट लगेच उघडलं तर हातावर चापट बसायची. "घाम येतो त्याला. जरा बसू द्या, गप्पा मारा, मग उघडा." चमचा कोरडा, बरणी कोरडी, हात कोरडा. आमचा मुलगा वसतिगृहात गेला तेव्हा त्याला पैशांच्या आधी मावशींच्या या सूचना मिळाल्या.

हात कोरडा. इथे मला सुमनविषयी एक गोष्ट सांगावी लागते. तिची परवानगी घेऊन सांगतो.

सुमनच्या तळहातांना घाम येतो. लहानपणापासून. लग्नात तिचा हात माझ्या हातात दिला, त्याआधी तिनं तो शालूला पुसला होता. मला वाटलं, लाजते आहे. शाळेत तिची पाटी पुसट व्हायची म्हणून मुलं हसायची. तेव्हा भिंतीपलीकडच्या मावशी रोज सकाळी चुलीतली चाळलेली राख तिच्या हातांना चोळून द्यायच्या. ही गोष्ट शहरात मला ठाऊक आणि मावशींना. तिसऱ्या कुणाला नाही.

पाकिटं भरायचं काम मावशींनी तिलाच दिलं होतं. ती कचरली तर म्हणाल्या, "तुलाच देनार. तू जेवढी जपून भरशील तेवढी यातली एक बी भरनार नाय." आणि खरंच, सुमन मांडीवर सुती पंचा घ्यायची, लांब दांड्याच्या पळीनं भरायची, पिठाला बोट लागू द्यायची नाही. झड लागलेल्या दिवशी ती पाकिटाला हातच लावायची नाही. काम अडलं तरी चालेल. दोन पावसाळे तिनं भरलेलं एकही पाकीट परत आलं नाही. त्या दोन वर्षांत मी तिला पहिल्यांदाच चारचौघींत हात हलवून बोलताना पाहिलं. नाहीतर ते नेहमी पदराखाली.

तिसऱ्या पावसाळ्यात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, मागच्या गल्लीत विद्यार्थ्यांची मेस चालवणारे चाचा आमच्या दारात आले. हातात पिशवी, पिशवीत आमची पाकिटं.

"साब, बुरा नक्को मानो," ते म्हणाले. "बच्चों ने कटोरे वैसेच रख दिये. कडवा लग रा. मैं खुद चखा."

मी माफी मागून पिशवी घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींच्या मुलाच्या घरी गट बसला. मावशींची सून सुट्टीवर होती. ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. हा पसारा आता बंद करा, गॅलरी मोकळी करा, असं तिचं बरेच दिवस चाललं होतं. ते सगळ्यांना माहीत होतं.

मावशींनी एक पाकीट फोडलं. कानाला लावलं नाही. हे मी तेव्हाच पाहिलं. नाकाजवळ नेलं, क्षणभर थांबल्या, एकदा सुनेकडे पाहिलं आणि पाकीट खाली ठेवलं.

"पानी लागलं," त्या म्हणाल्या. "भरताना हात ओला व्हता."

 भरणारी एकच होती.

मग मावशी अगदी मायेच्या आवाजात म्हणाल्या, "आता तिला तरी काय बोलायचं? सुमीच्या हाताला घाम सुटतो. ल्हानपनापासून. मीच राख चोळायची ना तिच्या हाताला. तिचा काय दोष, शरीरच तसलं."

सुमनचे हात पदराखाली गेले.

मी पाकीट उचललं आणि कानाला लावलं. सळसळ. वर्तमानपत्रावर ओतलं, वाळूसारखं पसरलं. एक गोळा नाही. हातावर चिमूट घेऊन वाफ सोडली. मावशींनी मला त्या रविवारी जुनं पीठ हुंगवलं होतं, त्याचाच वास.

"मावशी, ओल कुठाय यात? हे सुळसुळीत आहे. हे खवट आहे. जुनं आहे हे."

"जावईबापू, परवापासून शिंकताय तुमी," मावशी म्हणाल्या. "त्या नाकाचा काय पुरावा?"

बायका हसल्या. एक म्हणाली, "बायकोची बाजू घेनारच की."

"घिऊ द्या गं," दुसरी म्हणाली. "आमच्याकडं तर तेवढं बी नाय."

पुन्हा हसू. मी थांबलो नाही. मागच्या वर्षी एका दवाखान्याची मोठी मागणी ऐनवेळी रद्द झाली होती आणि तयार भुकटीचा एक डबा भरलेलाच राहिला होता, हे माझ्या लक्षात होतं. "तो मागच्या सालचा डबा कुठंय, मावशी?"

"गुराला घातला. गावाकडं नेऊन." पापणी हलली नाही.

तेव्हा सुमन बोलली. एकच वाक्य. "मावशी, तू एकदा कानाला लावून बघ की."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं नाही. "कान गेले बाई आता माझे," त्या म्हणाल्या आणि विषय संपला. सून आत गेली. चाचांचे पैसे ज्याच्या हातून चूक झाली त्यानं भरावेत, असं ठरलं. सुमननं मला बाहीला धरून उठवलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली. जिन्यात तिनं माझी बाही सोडली तेव्हा तिथं ओला डाग होता.

पैसे परत करायला मी गेलो. चाचांनी ते घेतले, मोजले नाहीत. "गीला नै था जी," ते म्हणाले. "गीला होता तो मैं पैचानता, अनाज का काम है मेरा. पुराना था. नये में पुराना मिलाये कोई." मग म्हणाले, "भाभी कू बोलो, अलग से भर के देंगे तो मैं लूँगा."

मी हे सुमनला सांगितलं. ती नको म्हणाली.

पाकिटं भरायचं काम दुसरीकडे गेलं. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण उन्हाळ्यात गल्लीत बायका पापड लाटायला बसल्या तेव्हा एकीनं अगदी सहज म्हटलं, "सुमनताई, तुमी लाट्या नका करू, तुमी वाळत घाला." दुसरीनं तिच्यासमोरचं परातीतलं पीठ हळूच आपल्याकडे ओढलं. कुणी वाईट हेतूनं केलं नाही. काळजीनंच केलं. सुमन उन्हात उभी राहून पापड वाळत घालत होती, आणि तिथंच खुर्ची टाकून बसलेल्या मावशी म्हणत होत्या, "वरून फडकं टाक गं, कावळे येतील." जसं काही घडलंच नव्हतं.

त्या आमच्याकडे येतच राहिल्या, हेही मला लिहिलं पाहिजे. मला ताप आला तेव्हा माडगं घेऊन आल्या, उशाशी बसल्या. मला 'जावईबापू' म्हणाल्या. मी ते प्यायलो. न पिऊन काय करणार?

सुमननं या सगळ्यातून एक वाट काढली. एके दिवशी भाजी निवडताना म्हणाली, "तिला वास येत नसंल हो. वय झालंय. खवट आन कुबट तिला आता सारखंच लागत असंल. तिला खरंच वाटलं असणार, पाणी लागलं म्हणून."

"मग डब्याचं?"

"गावाकडं दिला असंल. नसंल दिला तर विसरली असंल. म्हातारं माणूस हाय."

"आणि कानाला का लावलं नाही?"

"कान गेले म्हणाली की."

मला ते पटलं नव्हतं. पण महिन्यामागून महिने गेले तसं मीही ते धरून बसलो. खोटेपणापेक्षा म्हातारपण बरं. जुन्याला जुनं म्हणावं, त्यात लाज नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. ते आम्ही त्यांनाच लावलं. तसं केल्यावर सुमनला त्यांच्याशी बोलता येऊ लागलं. 'अगं मावशी' पुन्हा सुरू झालं. हात मात्र पदराखालीच राहिले.

मावशींची बाजू मला दिसत नाही, असं नाही. त्या दुपारी 'माझी चूक' म्हणाल्या असत्या, तर संध्याकाळपर्यंत डबे गेले असते आणि गॅलरीतल्या पलंगावर आणखी एक म्हातारी उरली असती. गल्लीत त्यांना जो मान होता तो त्या डब्यांमुळे आणि त्या नाकामुळे. एक डबा भुकटी फेकायची म्हणजे सुनेसमोर फेकायची. हे मला समजतं. पण चूक दुसऱ्यावर टाकायची तर एवढ्या बायकांत त्यांना सुमनच सापडली, आणि टाकायला त्यांनी तिच्याविषयी तीच गोष्ट निवडली जी राख चोळणाऱ्या हाताला ठाऊक होती, हे मला अजून समजत नाही.

पुढच्या वर्षी मावशींच्या मुलाची नांदेडला बदली झाली. एका रविवारी सकाळी त्यांच्या दारात टेम्पो लागला. पलंग चढला, कपाट चढलं. पत्र्याचे डबे भंगारवाल्यानं नेले. गट तोवर मोडल्यातच जमा होता.

मावशी निरोप घ्यायला आल्या. नवं लुगडं, हातात कापडी पिशवी. आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"येते गं सुमे. जावईबापू, तब्येत सांभाळा. वाफेवर पाकीट धरू नका."

"नाही धरत, मावशी."

सुमन वाकून पाया पडली. मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. सुमनलाही वाटलं असावं, कारण ती वर उठायची थांबली होती. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

मावशींनी हात काढला. मग त्यांची नाकपुडी हलली. त्यांनी मान किंचित आमच्या स्वयंपाकघराकडे वळवली, डोळे मिटले.

"सुमे, खोबरं कुठं ठेवलंय तू? वरच्या फळीवर ना? बघ त्याला. खवट व्हाया लागलंय. आजच काढ, नायतर बाकीच्याला बी वास लागंल."

एवढं बोलून त्या जिना उतरल्या. कठड्याला धरून, एकेक पायरी.

दार उघडंच होतं. आमचं स्वयंपाकघर दारापासून बैठकीची खोली ओलांडून आहे. खोबऱ्याच्या किसाचा डबा झाकणबंद होता. सुमननं तो काढला. मी हुंगला, मला काही वास आला नाही. तिनं चिमूटभर कीस तळहातावर घेतला, त्यावर वाफ सोडली, नाकाजवळ नेला. मग हात माझ्यापुढे धरला.

होता. अगदी कळेल न कळेल इतका. आणखी आठवड्यानं कुणालाही कळला असता.

सुमन स्टुलावर बसली. खाली टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, मग तो कोपऱ्यावरून वळल्याचा.

"नाक हाय की तिचं," ती म्हणाली. "चांगलं हाय."

 आम्ही वर्षभर जपून ठेवलेलं मावशींचं म्हातारपण त्या स्वतःच उंबऱ्यातून घेऊन गेल्या होत्या. जाता जाता आम्हाला तेवढं कळावं म्हणून बोलल्या, की नुसत्या सवयीनं, मला ठरवता आलेलं नाही. सुमननं ते ठरवायचा प्रयत्नही केला नाही.

ती उठली. डब्यातलं सगळं खोबरं कागदावर ओतलं, डबा घासायला टाकला. तळहाताला थोडा कीस चिकटून राहिला होता. तिनं तो पदराला पुसला नाही. नळाखाली हात धरला आणि पाणी बराच वेळ वाहू दिलं.